उभ्या गाडीचं माप

गाडी एवढीशी. दोन माणसं बसली की तिसरी जागा फक्त फुशारकीला उरायची, आणि ती शिंपीमास्तरांकडे भरपूर होती. वर घडीचं कापडी छप्पर, पुढे लांब नाक, उंचीला इतकी बुटकी की तिच्यात शिरायचं म्हणजे घट्ट बाहीत हात घालावा तसं: आधी एक पाय, मग कंबर, मग कण्हत-कुथत उरलेले मास्तर. मूळ मालकासाठी हे छप्पर शिवता शिवता त्यांचा जीव तिच्यात अडकला. मालकाचे गुडघे वाकेनासे झाले, तशी ती मास्तरांच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली.

"या वयात माणसांना चष्मा लागतो," मास्तरीणबाई काजं करता करता म्हणाल्या होत्या, "तुम्हांला गाडी लागली."

बोलल्या खऱ्या, पण बसल्याही. दर रविवारी डोक्याला रुमाल, मांडीवर चहाचा फ्लास्क, आणि टेकडीपलीकडच्या बहिणीच्या घरी जायचं. वाटेत छप्पर उघडं असलं की त्या स्वतः जुळवलेल्या ओव्या म्हणायच्या. बहुतेक ओव्या मास्तरांची टर उडवणाऱ्या असायच्या, आणि वाऱ्यात अर्ध्याच ऐकू यायच्या. उरलेली अर्धी काय असेल या विचारात मास्तरांचा आठवडा सुखात जायचा.

मग ते वळण आलं.

टेकडी उतरताना एक वळण आहे, कोटाच्या कॉलरीसारखं गोल. मास्तरांनी स्टेअरिंग फिरवलं, चाकं फिरली, गाडी मात्र नाकासमोर चालणाऱ्या सज्जन माणसासारखी सरळ गेली आणि रस्त्याकडेच्या कोबीच्या वाफ्यात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. चार कोबी गेले. फ्लास्कचं झाकण घट्ट होतं म्हणून चहासुद्धा सांडला नाही. वाफ्याची मालकीण धावत आली, दोघं धड आहेत असं पाहून तिनं बॉनेटवर चढलेला कोबी मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता एवढं लांबून आलाच आहात तर घेऊन जा."

मास्तर त्या कोबीसकट म्हणाले, "पुढचे टायर अरुंद आहेत हो. रस्ता धरत नाहीत."

मास्तरीणबाई काहीच बोलल्या नाहीत. तीस वर्षांत मास्तरांनी त्यांचं बोलणं पुष्कळ ऐकलं होतं; त्यांच्या न बोलण्याचा मात्र त्यांना अजिबात सराव नव्हता.

पुढच्या रविवारी मास्तरीणबाई बसनं गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. मास्तर गाडी घेऊन त्या बसच्या मागे मागे जायचे. मास्तरीणबाई मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायच्या, मागच्या काचेतून फ्लास्क वर करून दाखवायच्या आणि पुन्हा पाठ फिरवायच्या. धूर मास्तरांना, चहा बहिणीला. शेजारच्या रिकाम्या जागेवर मास्तरांनी एकदा नुसती उशी ठेवून पाहिली. उशी ओव्या म्हणत नाही, हे टेकडी चढायच्या आतच त्यांच्या लक्षात आलं.

त्यांना एकच हवं होतं. ती जागा पुन्हा भरायला हवी होती. आणि त्यासाठी त्यांनी ठरवलं, की दोष टायरचाच आहे. हे त्यांनी कोट घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंडात टाचण्या धरून सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बटणं विकणाऱ्याला सांगितलं. सांगून सांगून त्या गोष्टीला इतकी इस्त्री झाली की एक सुरकुती राहिली नाही. त्या दिवशी रस्त्यावर एक सायकलवालाही होता, तेवढा मास्तर दरवेळी गोष्टीतून वगळायचे.

गल्लीच्या तोंडाशी, बसथांब्यासमोर, टायरचं दुकान होतं. मालक दिवसभर हवा भरतो म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणायचे. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मास्तर, ही गाडी आहे की छत्रीला लावलेली चाकं? एवढ्या हलक्या गाडीला पुढे रुंद टायर कशाला? दाबायला वजन नको?"

"तोंड वळत नाही तिचं. पकड पाहिजे."

"पकड येईल हो. पण स्टेअरिंग जड होईल. आणि आत मडगार्डला घासेल ते वेगळंच."

याच क्षणाची मास्तर वाट बघत होते. त्यांनी काखेतून खाकी कागदाची गुंडाळी काढली आणि उलगडली. चाकावरच्या कमानीचा हुबेहूब फर्मा! खडूच्या रेघा, टाचणीची भोकं, कडेला आकडे. रात्र रात्र न जागता, चक्क दुकानाच्या वेळात, एका गृहस्थाची पँट बाजूला सारून त्यांनी तो कापला होता.

"दोन्ही अंगांना अर्धा इंच ढील राहते," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं मापं घेतोय मी. आजवर एक शिवण उसवून परत आली नाही."

हवालदारानं फर्म्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि हवेची नळी खांद्यावरून उतरवली. "तुमचं माप, तुमची गाडी. मी आपला बसवून देतो."

टायर बसले. काळेभोर, तीन बोटं जास्त रुंद. चिमुरडीनं बापाचे बूट घालावेत तशी गाडी दिसू लागली. मास्तरांना ती पहिलवानासारखी दिसली. त्यांनी एकट्यानंच सरळ रस्त्यावर रोज चार फेऱ्या मारल्या. स्टेअरिंग एवढं जड झालं होतं की संध्याकाळी त्यांना कात्री धरवेना, पण हा दुखरा खांदा ते पदकासारखा मिरवत होते.

घरात मास्तरीणबाई तुरपाई करत होत्या. सुई खाली-वर होत होती आणि तिच्या तालावर हळूच आवाज येत होता:

"चाकं झाली जाड बाई, चाकं झाली रुंद,
हाकणाऱ्याचं ध्यान मेलं दुसरीकडेच धुंद."

"कसलं ध्यान?" मास्तरांनी विचारलं.

"यमक जुळलं हो. दोरा द्या तो."

रविवारी मास्तर दारात गाडी पुसत उभे राहिले. आधीच पुसलेली गाडी त्यांनी तीनदा पुसली. मास्तरीणबाई फ्लास्क घेऊन बाहेर आल्या, थांबल्या, टायरकडे पाहिलं.

"अगं, बसून तर बघ. आता ही रस्ता सोडायची नाही."

"बसथांब्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "तेवढीच."

तेवढीच तर तेवढीच! मास्तरांनी दार उघडून धरलं. मास्तरीणबाई आत बसल्या, गाडी त्यांच्या बाजूनं हलकेच खाली बसली, जुनी ओळख पटून मान लववावी तशी. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी रुबाबात गाडी सुरू केली आणि गल्लीच्या तोंडाशी पूर्ण वळण घेतलं.

खर्रर्र.

असला आवाज मास्तरांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता. शिकाऊ असताना, एक जाडजूड गृहस्थ नव्या पँटमध्ये खुर्चीवर बसले होते तेव्हा. मास्तरांनी स्टेअरिंग थोडं सोडलं. आवाज थांबला. पुन्हा वळवलं. खर्रर्र! जळक्या रबराचा वास सुटला. थांब्यावरची माणसं पुढे वाकून बघू लागली. हवालदारानं समोरून पाहिलं आणि पुन्हा आपल्या पंक्चरात डोकं घातलं. मात्र त्याचे खांदे हलत होते.

"उसवलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काल घासत नव्हतं!"

"काल कोण होतं गाडीत?"

"मीच."

"अहो, एक सांगा. पँटचं माप घेताना गिऱ्हाइकाला काय करायला लावता?"

"खाली बसायला."

"आणि कोटाचं?"

"हात पुढे करा. वळा. वाका."

"आणि हिचं माप घेतलंत तेव्हा?"

"उभी होती," मास्तर पुटपुटले. "सरळ बघत."

"आणि रिकामी."

हे 'रिकामी' मास्तरांना टाचणीसारखं लागलं. हा सगळा खटाटोप त्या शेजारच्या जागेसाठी. कागद कापताना, खडू ओढताना मनात तीच बसलेली. आणि मापात मात्र ती कुठेच नव्हती. तिचं वजन धरायचंच राहिलं होतं. तीस वर्षांचा नावाजलेला कारागीर, आणि जिच्यासाठी शिवायचं तिलाच वगळून कापड कापून बसला!

समोरून बस आली. मास्तरीणबाई दार उघडून उतरल्या.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनाही उतरायचं होतं, पण त्या गाडीतून घाईनं उतरता येत नाही. म्हणून अर्धे आत, अर्धे बाहेर, अशा शोभिवंत अवस्थेत ते सगळ्या थांब्यासमोर बोलले, "टायरचा दोष नव्हता."

मास्तरीणबाई बसच्या पायरीशी थांबल्या.

"त्या दिवशी पुढे एक सायकलवाला होता. करडा कोट. त्याचा डावा खांदा इतका वाईट बसवला होता, की मला राहवेना. त्याला मागे टाकताना, कुणी शिवलाय ते बघायला मी वळून पाहिलं. ब्रेक लावायचा राहिला. वळण अगदी अंगावर आलं तेव्हा दिसलं मला."

"बाई, येताय ना?" कंडक्टरनं विचारलं.

"थांबा हो, दोन महिने वाट बघत्येय याची," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तरांकडे वळल्या. "माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"मीही तोच कोट बघत होते. पाऊण इंच खाली होता खांदा."

"एक इंच."

"पाऊण. घरात कात्री तुमची असेल, नजर माझी आहे."

"मग बसत का नव्हतीस? घाबरलीस म्हणून मी..."

"कोबीला कोण घाबरतं? चूक तुमची, आणि नाव त्या बिचाऱ्या टायरचं. म्हटलं, आज टायर, उद्या मी. रस्ताभर मीच ओव्या म्हणत होते ना? मला वाटलं, कधीतरी म्हणाल, हिच्या बडबडीनं झालं."

मास्तर आणखी थोडे गाडीबाहेर आले, आणि तिथेच अडकले.

"बाई?" कंडक्टर.

"जा तुम्ही. आमचं माप चुकलंय, दुरुस्त करून येतो मागून."

जुने टायर हवालदारानं भिंतीवर खुंटीला अडकवूनच ठेवले होते.

"दोन दिवसांत याल वाटलं होतं," तो जॅक लावत म्हणाला. "तुम्ही चार लावलेत. फर्मा चांगला होता, मास्तर."

दुपार कलता कलता गाडी टेकडी उतरत होती. अरुंद टायर, हलकं स्टेअरिंग, मांडीवर फ्लास्क, छप्पर उघडं. कॉलरीसारखं वळण दिसू लागलं तसा मास्तरांनी वेग इतका कमी केला की मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला. निळा कोट. पाठीवर शिवण कुठेतरी ओढली गेली होती; मास्तरांची मान आपोआप वळायला लागली.

मास्तरीणबाईंनी त्यांच्या हनुवटीला एक बोट लावलं आणि ती पुन्हा सरळ केली.

"रस्ता तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "कोट मी सांगते."