दुसरं खोकं दिसेना

आत्याचा कॉम्प्युटर वयाने भिंगरीच्या दुप्पट होता आणि हट्टीपणात तिच्या तोडीस तोड. एके काळी पांढरा असावा, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. शेजारी दोन खोकी, प्रत्येकात एकेक हार्ड डिस्क. कॉम्प्युटरला पहिलं खोकं, पहिल्याला दुसरं, अशी अंगठ्याएवढ्या जाड केबलने बांधलेली रांग. चालू केलं की डेस्कटॉपवर दोन्ही डिस्कची चित्रं यायला हवीत. येत एकही नव्हतं.

"येईल गं," भिंगरी बाह्या सावरत म्हणाली. "माझ्या हाताला यश आहे. शाळेची घंटा कोणी दुरुस्त केली होती?"

"तू. आणि मग ती थांबेचना म्हणून त्या दिवशी शाळा लवकर सोडून द्यावी लागली."

"मग? सगळी शाळा माझ्या पाया पडायची बाकी होती!"

आत्या हसली, पण नजर पडद्यावरच होती. तेवीस वर्षं तिने गिरणीत चादरींची नक्षी काढली, ती याच यंत्रावर. गिरणी बंद पडली तेव्हा हे धूड तिने भंगारवाल्याच्या हातगाडीवरून अक्षरशः खाली उतरवून घेतलं. आता गावातल्या संग्रहालयात गिरणीच्या कापडांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आत्याची निळ्या लाटांची चादर तिथे अगदी मधोमध लागणार होती. गिरणीने जन्मात कधी नक्षी काढणाऱ्याचं नाव कापडावर घातलं नव्हतं. संग्रहालयाच्या बाई मात्र म्हणाल्या होत्या, "मूळ रेखाटन तारखेसकट दाखवा, फलकावर तुमचं नाव घालते. पण सोमवारी संध्याकाळच्या आत." रेखाटन होतं दुसऱ्या खोक्यात. आणि आज शनिवार.

गिरणीतली यंत्रं सांभाळणारे दुरुस्तीकाका आता दुसऱ्या गावी लेकीकडे राहायचे. त्यांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "एका वेळी एकच बदल. बंद करायचं, बदलायचं, चालू करायचं, वहीत लिहायचं. आणि पडद्यावर काही प्रश्न आला तर हात मांडीखाली घालून बसायचं. आधी मला फोन."

"हो काका," भिंगरी म्हणाली होती. वहीत तारीख घालून तिने खाली लाल रेघही मारली होती. इथवर सगळं सुतासारखं सरळ.

दोन्ही खोक्यांच्या पाठीवर एकेक आकडा होता, घराच्या नंबरासारखा. तिने वाकून पाहिलं, तर दोन्हीकडे तीन!

"दोन घरांना एकच नंबर! पोस्टमनला वेड लागेल नाही तर काय!"

दुसऱ्याचा आकडा पाच केला, यंत्र चालू केलं, आणि पहिल्या खोक्याची डिस्क टुणकन डेस्कटॉपवर हजर. भिंगरीने खुर्चीसकट एक गिरकी घेतली. दुसरं खोकं मात्र ढिम्म.

"मग ठोकळा लागेल," आत्या म्हणाली. रांगेतल्या शेवटच्या खोक्याच्या मागे एक छोटा ठोकळा बसवावा लागतो. तो नसला की संदेश केबलच्या टोकाला आपटून उलटे फिरतात आणि वाचताना गोंधळ होतो, हे काकांनीच सांगितलेलं. "आतल्या कपाटात असेल बघ कुठेतरी. आणते. तोवर हात लावू नकोस."

आता, भिंगरीला हात लावू नकोस म्हणणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणण्यासारखं. आत कपाटात खुडबुड चालली होती. पाच मिनिटं झाली, सात झाली. एकदा नुसतं बंद करून पुन्हा चालू करायला काय हरकत आहे? तिने केलं. दुसरं खोकं घरघरलं, आणि पडद्यावर एक चौकट आली: ही डिस्क वाचता येत नाही, पुसून नव्याने आखून घ्यायची का? खाली दोन बटणं. फोनवर दिवसातून पन्नास चौकटी येतात. भिंगरीचं बोट त्या वाचत नाही, उडवतं. तिने एंटर दाबलं.

मिनिटभराने डेस्कटॉपवर दुसरी डिस्क उगवली.

"आली! आत्या, आली! ठोकळाबिकळा काही नको, नुसती माझी जादू!"

आत्या धावत आली. केसांना जाळं लागलेलं, मुठीत ठोकळा. तिने भिंगरीच्या डोक्यावर टपली मारली, खुर्चीत बसली, डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं. मागे पुढे करून पाहिलं, बंद करून उघडून पाहिलं. शून्य.

"काही विचारलं होतं का गं त्याने?"

 ती चौकट भिंगरीच्या डोळ्यांसमोर अशी लख्ख उभी राहिली, जशी पहिल्या वेळी दिसायला हवी होती.

"नाही," ती म्हणाली. "आपोआप आली."

आत्याने ठोकळा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "गिरणीच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळं यात उतरवलं होतं. समोरचा चहा गार झाला, तोही आठवतो. की मनातच केलं? आईचंही असंच सुरू झालं होतं. भाजी आणली म्हणायची, पिशवी रिकामी."

खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. भिंगरीने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "होतं असं कधीकधी, आत्या."

"असू दे. पहिलं खोकंही फार दिवसांचा सोबती नाही, घरघर ऐक. हे रिकामंच आहे, तर त्यातलं यात उतरवून ठेवू." आत्याने ठोकळा बसवला आणि कॉपी सुरू केली. पडद्यावरची पट्टी भरत भरत टोकाला गेली आणि दुसरी डिस्क काठोकाठ भरली. दोघी बघत बसल्या. भिंगरी पहिल्यांदाच चार तास बडबडली नाही, आणि आत्याला वाटलं, पोर आपल्यासाठी हळहळतेय.

रविवारी सकाळी भिंगरी स्वयंपाकघरात गेली, तर आत्या भिंतीवर चिठ्ठ्या लावत होती. गॅस बंद केला का. किल्ली खिशात. डॉक्टरांना विचारणे, विसरण्याबद्दल.

"काढ त्या," भिंगरी म्हणाली.  "तुला सगळं आठवतंय. मीच पुसलं. त्याने विचारलं होतं, मी न वाचता दाबलं. वर खोटं बोलले."

आत्याने हातातली चिठ्ठी आधी नीट चिकटवली, मग काढली. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली आणि बाकीच्या चिठ्ठ्याही काढायला लागली.

"ओरड ना मला!"

"थांब गं. आधी मला एवढ्यावर खूश होऊ दे."

मग त्यांनी काकांना फोन लावला. सगळं ऐकून काका हसलेच. "अगं वेडे, त्यात रडतेस काय? त्याने नुसती अनुक्रमणिका फाडलीय, पानं आत तशीच आहेत. खोकं आजच बसने मला पाठव, उद्या दुपारपर्यंत काढून देतो. फक्त त्याच्यावर दुसरं काही लिहिलं नाहीत ना?"

 

"काल लिहिलं," आत्या म्हणाली. "काठोकाठ."

"अरेरे," काका म्हणाले. "मग जुन्या पानांवरच नवं लिहिलं गेलं. आता काही निघायचं नाही."

एंटर दाबलं तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं, हे भिंगरीला त्या दिवशी कळलं. बिघडलं ते नंतर, "नाही" म्हणाली तेव्हा. पट्टी भरत असताना चार तास ती शेजारी बसली होती. त्या चार तासांतल्या कुठल्याही मिनिटाला तिला ती थांबवता आली असती.

प्रदर्शन भरलं. चादर काचेमागे मधोमध होती, लाटा अशा की हात घालावासा वाटे. खाली फलक: रेखाटन, गिरणीचा रेखाटन विभाग. आत्याने चष्मा लावून तो वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"विभागात मी एकटीच होते गं," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

भिंगरीला हसू आलं नाही.