वाऱ्याने लागलेलं दार

वाद्यवृंदात सगळे त्याला 'पहिला' म्हणत. व्हायोलिनवाल्यांच्या पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची त्याची, म्हणून पहिला. हे नाव त्याला मनापासून आवडायचं. नुसतं आवडून थांबला असता तर एक वेळ ठीक होतं, पण तो तसा वागायचाही. मागच्या रांगेत बसणाऱ्या पितळी वाद्यवाल्यांना तो 'फुंके' म्हणायचा. "फुंक्यांना काय, गाल फुगवले की झालं," असं मधल्या सुट्टीत चहा पिता पिता सगळ्यांदेखत बोलायचा, आणि फुंके बिचारे हसून सोडून द्यायचे. वाजवायचाच तो असा, की तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही हे सगळ्यांनी खपवून घेतलं होतं.

मग त्याचा डावा हात गाडीच्या दारात सापडला.

गाडी बायको चालवत होती. तिच्या आईला भेटायला जायचं त्याने पुन्हा एकदा पुढे ढकललं होतं, आणि त्यावरून घरापासून नाट्यगृहापर्यंत दोघांची चांगलीच जुंपली होती. नाट्यगृहाच्या मागच्या फाटकाशी तो उतरला. पण शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे ही त्याची जुनी खोड. म्हणून दाराच्या चौकटीला हात टेकवून तो पुन्हा आत वाकला, तिच्या माहेराबद्दल काहीतरी लागेल असं बोलला, आणि डोकं बाहेर काढलं. हात मात्र चौकटीवरच राहिला. तिने आतून हात लांबवून दार खाडकन ओढून घेतलं.

करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेराशी तुटलं. मधलं बोट राहिलं, पण ते पुन्हा कधी वाकलं नाही. "चमचा धरता येईल, पेला धरता येईल," डॉक्टर म्हणाले. व्हायोलिनचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि यानेही विचारलं नाही.

त्याची ताई धावतपळत दवाखान्यात आली. "अगं बाई, झालं तरी कसं हे?" बायकोने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून हाच म्हणाला, "वाऱ्याने दार लागलं."

त्या दिवशी वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. पुढे आठवडाभराने तिला राहवेना म्हणून तिने ताईला खरं काय ते सांगून टाकलं, तर ताईचे डोळे भरून आले. "आणि बघ, त्याने तुझं नावसुद्धा घेतलं नाही. देवमाणूस आहे गं माझा भाऊ." ही गोष्ट मग ताईने चार ठिकाणी सांगितली. वाद्यवृंदात त्याच्या बोटांपेक्षा त्याच्या मोठ्या मनाचीच जास्त चर्चा झाली.

घरी हा देवमाणूस गप्प असायचा. सकाळी शर्टाची बाही तिच्यापुढे धरायचा, ती बटण लावायची. डब्याचं झाकण उघडत नसलं की डबा तिच्यासमोर ठेवून खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, दिवसभर डोळे ताणून घरी यायची, आणि घरात ही मिठाची गुळणी. कधी तिला असह्य झालं की म्हणायची, "अरे, एकदाचं बोलून टाक ना मनात आहे ते." यावर तो भुवया उंचावायचा आणि अगदी सौम्यपणे म्हणायचा, "मी काही म्हटलंय का?"

आता अशा माणसाचं करायचं काय? शिव्या देणाऱ्याला उलट शिव्या देता येतात. हात उगारणाऱ्याच्या घरातून निघून जाता येतं. पण जो उठता-बसता माफ करतो त्याच्यापुढे माणसाने कसं वागायचं, हे त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाआम्हालाही नाही.

ट्रंपेट त्याच्या घरी आलं ते मागच्या रांगेतल्या काकांमुळे. काका म्हणजे वाद्यवृंदातला तिसरा ट्रंपेटवाला, निवृत्तीला टेकलेला, ज्याला याने जन्मभर फुंक्या म्हणून हिणवलं तोच. एक दिवस आपलं जुनं वाद्य काखेत मारून तो दारात हजर. "तीन कळा आहेत," काका म्हणाले, "तिन्ही उजव्या हाताच्या. डाव्याने नुसतं धरायचं. तुझा कान तर शाबूत आहे ना? मग बसलायस काय भिंतीकडे बघत?"

ऐकताना त्याच्या जिवावर आलं होतं. फुंक्याकडून फुंकणं शिकायचं! पण व्हायोलिनची पेटी कपाटावर गेल्यापासून त्याला स्वतःचाच वीट आला होता, आणि वाद्यवृंदात परत शिरायला दुसरं दार नव्हतं. त्याने वाद्य ठेवून घेतलं, पण काकांचे आभार मानायचे राहून गेले.

आणि पहिल्याच झटक्यात त्याने ती चूक केली, जी फक्त व्हायोलिनवालाच करू जाणे. व्हायोलिन दिवसभर घासलं तरी चालतं. दुखलं तर खांदा दुखतो. याने त्याच हिशेबाने सकाळी ट्रंपेट तोंडाला लावलं ते दिवेलागणीपर्यंत सोडलं नाही. जे निघालं त्याला सूर म्हणवत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने विचारलं, तुमच्याकडे जनावर पाळलंय का. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ टम्म सुजले, चहा ओठांवरून हनुवटीवर ओघळायला लागला, आणि वाद्यातून वाऱ्याखेरीज काही निघेना.

काकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "तार तुटली तर नवी बसवता येते. ओठ कुठून आणणार आहेस? जेवढा वेळ वाजवलंस तेवढाच वेळ थांबायचं, हा आमचा नियम आहे. एक ओळ तू वाजव, तीच ओळ दुसऱ्याने म्हणायची, तोवर तू गप्प बस. एकट्याला थांबवत नाही, म्हणून दुसरं माणूस लागतं. घरी वहिनी आहेत की."

वहिनी होत्याच. त्या जाणार कुठे!

रोज संध्याकाळी ती दुकानातून आली की हातपाय धुऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसायची. तो एक ओळ वाजवायचा, मग वाद्य मांडीवर ठेवायचा, आणि तीच ओळ ती 'ला ला' करत म्हणायची. गाण्याचं तिला अंग नव्हतं. सुरुवातीला तिचा आवाज दबकत दबकत यायचा आणि शेवटी हमखास खाली घसरायचा. तो घसरला की पहिला डावा हात वर करून दाखवायचा: वर, अजून वर. दाखवायचा ते नेमकं त्या तुटक्या बोटाने. तिने नजर वळवली तर म्हणायचा, "इकडे बघ. नाहीतर कळणार कसं?"

एकदा ती म्हणाली, "उजव्या हाताने दाखव ना."

"उजवा कळांवर असतो," तो म्हणाला.

ती गाताना कळांवर हात ठेवून बसायचं काहीच कारण नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ती पुढे बोलली नाही, आणि त्यानेही बोट बदललं नाही.

अशी तीन वर्षं सरली. काही म्हणा, माणूस मेहनतीला मागे हटला नाही. ट्रंपेटमध्ये सूर कळ दाबून अर्धाच मिळतो, उरलेला ओठांनी शोधावा लागतो. आणि व्हायोलिनच्या तारेवर सूर शोधण्यात तर याची हयात गेली होती. हळूहळू सूर ठरायला लागला, गोल व्हायला लागला. खालची म्हातारी बोलायची थांबली. आणि गंमत म्हणजे बायकोचा गळाही सुधारला. एका संध्याकाळी लांबलचक ओळ त्याने एका दमात वाजवली, तिने तशीच्या तशी म्हटली, आणि बोट वर करायचं तो विसरूनच गेला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. किती तरी दिवसांनी हसले.

"आज छान झालं रे," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "हात असता तर याहून छान झालं असतं."

ती उठून आत गेली. तो क्षण त्याने आपल्या हाताने घालवला, आणि घालवताना त्याला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

काका निवृत्त झाले तशी तिसऱ्या ट्रंपेटची खुर्ची रिकामी झाली. त्यांच्याकडे अशा खुर्चीसाठी परीक्षा पडद्याआड होते: वाजवणारा पडद्यामागे, ऐकणारे पुढे, म्हणजे वशिल्याला वाव नको. बरीच मंडळी आली होती, सगळी याच्यापेक्षा तरुण, लहानपणापासून ट्रंपेटच वाजवत आलेली. पण इतका ठाम सूर त्यांच्यातल्या एकाचाही नव्हता. निकाल सांगून पडदा सरकवला तेव्हा संचालक खुर्चीतून उठलेच. "अरे, हा तर आपला पहिला!" वाद्यवृंदातल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्यांऐवजी जमिनीवर पाय आपटून त्याचं कौतुक केलं. "तिसऱ्या खुर्चीतला पहिला," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तोही हसला. एरवी त्याने असल्या विनोदावर महिनाभर डूख धरला असता.

तिथूनच त्याने बायकोला फोन केला. "मिळाली," तो म्हणाला.

ती म्हणाली, "झालं तर मग." आणि लवकर घरी ये म्हणाली.

तो घरी पोचला तर ती बाहेरच्या खोलीत बसलेली, पायांशी भरलेली बॅग.

"कुठे निघालीस?"

"आत्ता आईकडे. मग दुकानाजवळ एक खोली बघितलीय, तिथे."

"आज? आजच्या दिवशी?"

"आजच. तू पुन्हा कामाला लागलास की जायचं, हे मी दवाखान्यातच ठरवलं होतं. अधू नवऱ्याला टाकून गेली हे मला ऐकायचं नव्हतं. आणि खरं सांगू, माझ्याच्याने ते झालंही नसतं."

"पण मी तुला काही म्हटलंय का? इतक्या वर्षांत एक शब्द तरी?"

"नाही ना," ती म्हणाली. "एकही नाही."

ती बॅग उचलायला वाकली, आणि तेव्हा कुठे इतके दिवस आत दाबून ठेवलेलं बाहेर फुटलं. "दार तू ओढलंस!" तो ओरडला, इतक्या चिरक्या आवाजात की त्याचा त्यालाच तो ओळखू आला नाही. "वारा नव्हता! तू ओढलंस!"

तिने बॅगेवरचा हात काढला. तिच्या तोंडावर राग नव्हता. सुटल्यासारखी दिसली ती. "हो," ती म्हणाली. "मीच ओढलं. रागाने ओढलं. आता पुढचं विचार."

"पुढचं काय?"

"रोज मनात विचारतोस ते. तोंडाने विचार."

त्याने ओठ ओले केले. "माझा हात दिसला होता तुला?"

तिने स्वतःचे तळहात उलटून बघितले. "त्या दिवशी विचारलं असतंस ना, तर सांगितलं असतं. तेव्हा मला ठाऊक होतं. पण तू वारा म्हणालास. मग मी रोज तुझं बोट बघत बसले आणि रोज मनात ते दार ओढत राहिले. कधी वाटतं, नव्हता दिसला. तुझं डोकं बाहेर गेलं एवढंच बघितलं मी. कधी वाटतं, दिसला होता आणि तरी ओढलं. इतक्या वेळा झालं की आता दोन्ही सारखंच खरं वाटतं. मला खरंच सांगता येत नाही रे."

"असं कसं?"

"असंच झालंय. आता तूच सांग. तू म्हणशील ते मी खरं मानीन. जन्मभर. पुन्हा वाद नाही घालणार."

ती टोमणा मारत नव्हती. मनापासून विचारत होती, आणि ते त्यालाही कळलं. दार लागलं त्या वेळी त्याचं लक्ष नाट्यगृहाच्या फाटकाकडे होतं. तिचे डोळे कुठे होते हे त्याला कुठून ठाऊक असणार? 'नव्हता दिसला' एवढे दोन शब्द. त्यांनी ती थांबली असती की नाही हे सांगता येत नाही, पण तिला रात्री शांत झोप तरी लागली असती. हे सगळं त्याला लख्ख समजत होतं. समजत नव्हतं म्हणून तसं बोलला, असं म्हणायला त्याने जागाच ठेवली नाही.

"दिसला होता," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. तिने चपला घातल्या, बॅग खांद्याला लावली. "तुझ्या काळ्या कोटाला बटणांच्या जागी हुक शिवून ठेवलेत. एका हाताने लागतात."

ती जिना उतरून गेली. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. खुर्ची मिळाली होती, गुन्हेगारही मिळाला होता, तोही कबुलीसकट. फक्त आता माफ करत बसायला घरात कुणी नव्हतं, आणि त्याखेरीज इतकी वर्षं आपण दुसरं काहीच केलं नव्हतं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.