पैलवानाची वेणीफणी

मांजर मला मुळीच आवडत नाही, हे आमच्या दादाला लहानपणापासून माहीत आहे. तरी या हिवाळ्यात त्यानं माझ्या हातात स्टीलची फणी ठेवली आणि म्हणाला, "बस इथं. पैलवानाला विंचरायला शीक."

पैलवान म्हणजे वहिनीचा बोका. वहिनी गेली आणि हे धूड दादाच्या गळ्यात पडलं. कुत्र्याएवढा देह, मानेभोवती केसांचं जंगल, कानांवर शेंड्या, झाडूएवढी शेपूट आणि आवाज मात्र चिमणीचा. दादा शिंपी, कोट शिवतो. घरभर काळं कापड आणि त्यावर पांढरे केस, म्हणजे आनंदच.

"तू आहेस की," मी म्हटलं. "मला कशाला?"

"शिकलीस तर अंगाला भोकं पडतील का?"

शिकले. मी रोज दुपारी डबा घेऊन जायचेच. आदल्या दिवशीचा डबा चाटूनपुसून ठेवलेला असायचा, त्यामुळं माझ्या हाताला चव आहे अशी माझी ठाम समजूत झाली होती. डबा ठेवला की शिकवणी सुरू.

"वरवर फिरवू नकोस. वरचे केस रेशमी असतात, गुंता आतल्या लोकरीत होतो. बगलेत बघ, पोटाखाली बघ. गाठ लागली तर कात्री लावायची नाही, कातडी पातळ असते, तीही कापली जाते. बोटांनी सोडवायची. पाणी कशात द्यायचं?"

"पसरट भांड्यात."

"का?"

"मिशा काठाला टेकल्या की महाराज रुसतात."

चुकले की तो खरंच चिडायचा. जन्मात कधी माझ्यावर आवाज न चढवणारा माणूस एका बोक्यापायी चिडतो, याचं मला फार वाईट वाटायचं. दिवसभरात तो धड बोलायचा तो त्या बोक्याशीच.

थंडी सरली आणि पैलवानाचे केस गळायला लागले, ओंजळी भरभरून. एकदा त्याला आंघोळ घातली, तर पिळलेलं फडकं दिसावं तसा दिसला. हा गेला तर दादाही टिकायचा नाही, हेच डोक्यात आलं.

"दादा, हा आतून संपलाय रे!"

"तो बरा आहे," मशीनवरून मान वर न करता दादा म्हणाला.

"तुला काय कळतंय?" म्हणत मी पैलवानाला टोपलीत कोंबलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला चाचपलं, काट्यावर ठेवलं आणि हसले. "बाई, हा सुकलेला नाही, सुटलाय. भिजल्यावर ही जात अशीच दिसते. इथं दिसण्यावर जायचं नाही, हात फिरवून बघायचं. माणसांचं जेवण कोण घालतंय याला?"

कोणी नाही, असं म्हणणार होते. मग डबा आठवला.

परतताना माझं डोकं नुसतं तापलेलं होतं. दारातूनच सुरू झाले, "मी मरमर करून डबा आणायचा आणि तू तो मांजराला चारायचा?"

दादा कापडाच्या टेबलाशी पाठमोरा उभा होता. अंगात कोट, कुठं एक सुरकुती नाही. ढगळ कपडे घालणारा शिंपी म्हणजे धंद्याला कलंक, हे त्याचं ठरलेलं बोलणं. मी त्याला वळवायला खांदा धरला, तर हाताला खांदा लागलाच नाही. नुसतं हाड लागलं.

मी कोटाच्या आत हात घातला आणि पाठीवरून खाली नेला. एक शिवण लागली. तिच्या आत दुसरी. तिच्या आत आणखी एक. तो आटत गेला होता आणि तसतसा कोट आत घेत गेला होता.

"कधीपासून?"

"घास उतरत नाही गं. दाखवून आलोय. आता काही होण्यासारखं नाही म्हणतात." तो टेबलाला टेकला. "डबा भरलेला परत दिला असता तर तू खोदून खोदून विचारलं असतंस."

मी लहान मुलीसारखी रडले. पैलवान टोपलीतून बाहेर आला आणि चिवचिवला. दादानं मला रडू दिलं, मग फणी पुढं केली.

"बगलेत बघ, सकाळी गाठ लागली होती. मला आता खाली बसून सोडवता येत नाही."

मी जमिनीवर बसले, पैलवानाला मांडीवर घेतलं आणि गाठ शोधली. कात्री समोर टेबलावरच होती. मी ती मागितली नाही.