सगळा बाक 'खूप'मध्ये पास

सगळा दोष हेडमास्तरांचा. मी नुसता पॅड, दवाखान्यातला, पुठ्ठ्याचा, वर क्लिप असलेला. माझ्यावर कागद ठेवून कुणी काय लिहावं हे माझ्या हातात नाही. हातच नाहीत मला.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या चित्रकाराच्या मांडीवर बसेन. बसलो शुगरवाल्यांच्या. डॉक्टरांना भेटून बाहेर आलेल्या माणसाने माझ्यावरचा फॉर्म भरायचा. आजच्या भेटीने आजार किती समजला? गोळ्या वेळेवर घेणं, रोज पाय तपासणं घरी स्वतःचं स्वतः जमेल? खूप, थोडं, की काहीच नाही?

पण भेट झाली की माणसं औषधांच्या दुकानाकडे पळतात. म्हणून काउंटरवरच्या ताईंनी युक्ती काढली: फॉर्म आधीच भरून घ्यायचा. जेवायच्या आधी ढेकर!

आणि बाकावर हेडमास्तर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी खिशात लाल पेन. डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी, मग आपल्याच पोराला नापास कसं करायचं? सगळीकडे 'खूप'. मग शेजारच्या आजींचा फॉर्म ओढला, मग पलीकडच्या ड्रायव्हरचा. अख्खा बाक पास करून टाकला. काय धमाल यायची म्हणून सांगू! लाल पेनाने गुदगुल्या व्हायच्या, क्लिप टकाटक वाजायची, मी नुसता उडायचाच बाकी असायचो. दर सोमवारी हाच दंगा.

हेडमास्तरांबरोबर त्यांची नात यायची. एकदा तिने विचारलं, "आबा, पाय कसे तपासायचे, सांगा बरं."

"समजलंय मला."

"काय समजलंय?"

"मोठ्यांची परीक्षा घ्यायची नसते, हे."

बाक खदखदून हसला. मीही. या म्हाताऱ्यांचं असंच. 'मला माहीत नाही' म्हणायचं तर यांची जीभ उचलत नाही, आणि इतरांना शिकवायला तीच जीभ सगळ्यांच्या पुढे.

वरच्या साहेबांनी आकडे पाहिले. सगळ्यांना सगळं खूप समजतंय! मग बाकावर बसून एकेकाला पाय बघायला शिकवणाऱ्या नर्सबाई कशाला हव्यात? बाईंची बदली झाली. डॉक्टरांच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र लागलं. टाळ्या हेडमास्तरांनीच सुरू केल्या.

त्याच महिन्यात त्यांना नवा बूट चावला. शुगरने पाय बधिर. दुखलं नाही, म्हणून पाहिलं नाही. पाहायचं असतं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तीन आठवड्यांनी मोज्याचा वास आला तो नातीला.

परवा ते काठी टेकत आले. ताईंनी सवयीने मला पुढे केलं. हेडमास्तर म्हणाले, आधी आत जाऊन येतो, मग बघू. बाकावर कुणी हसलं नाही. माझा पुठ्ठा आता कोपऱ्यात फुगलाय, फार दिवस टिकणार नाही मी. तुमच्या मांडीवर माझा एखादा भाऊ येईल तेव्हा खरं तेच लिहा. समजलं नसेल तर तसं लिहा.

हेडमास्तरांच्या डाव्या पायाचा अंगठा कापावा लागला.