भार टाकायला

"प्रभूवर भार टाक गं, सगळं नीट होतं," थोरली जाऊ उंबऱ्यातूनच म्हणाली. आत यायचं तिनं टाळलं. अंगावर इस्त्रीची साडी होती आणि खोलीत वास होता.

धाकटीचे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात. सासूची चादर पुन्हा भरली होती. केसांत कालच्या कापणीची कुसळं तशीच. तिनं चादर अशी आपटली की शिंतोडे उंबऱ्यापर्यंत गेले.

"टाकते की. पण ही चादर कोणावर टाकू? तुमच्यावर?"

"रविवारच्या दिवशी तोंड बघा हिचं!"

मी शेजारीण, उपासनेला निघालेली, कुंपणाशी थबकले. म्हातारी अंथरुणाला खिळल्यापासून या घरात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. धाकटीचा नवरा लांब कामाला. गहू हिनंच कापायचा, म्हातारीची कूसही हिनंच बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. थोरल्यांचं घर भिंतीला भिंत लागून. पण तिकडून यायचे ते फक्त आशीर्वाद.

धाकटीनं हात पदराला पुसले. "बसा इथं. मी जाऊन येते."

"कुठं?"

"तुम्ही सांगताय तिथंच. भार टाकायला."

आणि ती निघाली. अनवाणी, गुडघ्यापर्यंत ओली, मातीनं माखलेल्या साडीनिशी. तिच्यामागून मी जवळजवळ पळतच. थोरली ओरडत मागं येणार, तोच आतून म्हातारीनं पाणी मागितलं आणि ती अडकली.

चर्चमध्ये मंडळी जमली होती. धाकटी थेट पुढं गेली आणि क्रूसासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दमलेल्यांनो, या म्हणाला होतास ना? विसावा देतो म्हणाला होतास? आलेय मी. आता दे! नुसतं ऐकून ऐकून कान किटले माझे."

कुणीतरी तोंडावर हात ठेवला. ती पहिल्या बाकावर बसली, मग कलंडली, आणि बघता बघता घोरायला लागली.

तिचे मोठे दीर, म्हणजे थोरलीचे यजमान, आमच्या मंडळीचे पंच. ते लालबुंद होऊन उठले. "उठवा हिला! प्रभूचं घर आहे हे, झोपायची जागा नाही!"

पाळक आडवे आले. एरवी मुंगीलाही न दुखावणारा माणूस, पण आज त्यांचा आवाज चढला होता. "हात लावू नका तिला. इतकी वर्षं मी विसाव्यावर प्रवचनं झोडतोय, आज कुणीतरी ती खरी मानली. आज गाणं नाही, काही नाही. आणि पंच, तुम्ही हिच्या रानात जा. गव्हाच्या पेंढ्या उघड्यावर पडल्यात, आभाळ भरून आलंय."

"रविवारी काम करू?"

"तुमची गाय खड्ड्यात पडली असती तर सोमवारपर्यंत वाट बघितली असती?"

पंच पाय आपटत बाहेर पडले. त्यांच्यामागून आणखीही काही जण रानाकडे वळले. मी तिच्या उशाशी बसून माश्या वारत राहिले. माझी रोजची प्रार्थना ठरलेली. पण त्या दिवशी शब्दच येईनात, नुसता राग येत होता. मग मी तोच प्रभूपुढं ठेवला.

दुपार कलली तशी ती दचकून जागी झाली. "आईंची कूस!" म्हणत धावतच सुटली.

घरी थोरली बादलीपाशी बसलेली. साडीची इस्त्री पार मोडली होती. आतून म्हातारीच्या तोंडाचा पट्टा चालू होता, "आलीस का गं? या बाईनं मला सकाळपासून पोतं लोटावं तसं लोटलंय!"

थोरलीनं ओल्या चादरीचा बोळा पुढं केला. "घे बाई तुझं. मला नाही जमत."

धाकटीनं तो घेतला नाही. आत जाऊन म्हातारीला अलगद कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि येऊन उंबऱ्यात उभी राहिली. सकाळी थोरली होती, अगदी तिथंच.

"आजपासून एक दिवस तुमचा, एक दिवस माझा."

"अगं पण माझी कंबर..."

"प्रभूवर भार टाका, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "चादर मात्र दोन्ही हातांनी पिळा."