डाव्या चाकातले कोरडे बेअरिंग

खिडकीच्या कट्ट्यावर फुटक्या कपाशेजारी एक निळसर काळे लोखंडी कडे पडले आहे ना, ते मी. मित्रांनो, मी एक जुने बेअरिंग आहे. आता मी फिरत नाही. बोटाने ढकलले तर थोडे करकरते आणि थांबते. याचे मला विशेष वाईट वाटत नाही. वाईट वाटायचे दिवस येऊन गेले, आणि ते आले होते हेही मला उशिराच कळले.

एका कारखान्यात एकाच दिवशी आम्ही हजारो भावंडे जन्मलो, त्यामुळे कुणाचे फारसे कौतुक झाले नाही. माझ्या पोटात बारीक बारीक रोलर ओळीने बसवले, तेलकट कागदात गुंडाळले आणि खोक्यात टाकले. चाक आणि दांडा यांच्या मध्ये बसायचे, चाकाला फिरू द्यायचे आणि दांड्याला झिजू द्यायचे नाही, हे आमचे काम. मधल्या माणसाचे असते तसेच. सगळे सुरळीत असले की आमची आठवणही कुणाला होत नाही.

मला विकत घेतले ते काटेवाल्यांनी. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. काटा केसभर जरी हलला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांच्या बायकोला मी मनात बाई म्हणत असे. बाई लोकांना घरचे पडदे शिवून देत. या दोघांकडे गाडीमागे जोडून ओढायचा एक छोटा ट्रेलर होता. दोन चाके, दोन खिडक्या, घडीचा पलंग आणि एकच भांडे मावेल एवढी शेगडी. बाई त्याला बिऱ्हाड म्हणत. वर्षातून एकदा ते दोघे बिऱ्हाड घेऊन घाटापलीकडच्या तलावाकाठी आठ दिवस राहायला जात. तलावाकाठी ते विशेष काही करत नसत. काटेवाले खुर्ची टाकून पाण्याकडे बघत आणि बाई शिवत बसत.

मी डाव्या चाकातले, बाहेरच्या बाजूचे. दरवर्षी निघण्याआधी काटेवाले दोन्ही चाके उतरवत. टोपी काढत, पिन ओढत, नट सोडवत, आम्हाला रॉकेलमध्ये धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर वाळत ठेवत. मग डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन माझी कड त्यात दाबत. एकदा, दोनदा, दहादा. ग्रीस रोलरांच्या फटींतून शिरून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत ते थांबत नसत. मग मला जरा फिरवून पुढच्या फटीपासून पुन्हा तेच. बाई पायरीवर बसून म्हणत, "एवढे लाड माझे कधी केले नाहीत." काटेवाले त्यावर कानापर्यंत लाल होत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. निघाल्यावर दहाबारा किलोमीटरवर एक पेट्रोल पंप लागतो. तिथे थांबून दोघे आपापल्या दाराने उतरत, मागे येत आणि आपापल्या बाजूच्या चाकाच्या टोपीला हाताची पालथी बाजू लावून बघत. ग्रीस कमी असेल किंवा नट जास्त आवळला असेल तर टोपी तापते, म्हणून. उजवीकडून काटेवाले म्हणत, "माझं गार." डावीकडून बाई म्हणत, "माझंपण गार." मग चहा. अकरा वर्षे असेच चालले, आणि अकरा वर्षे मी गारच होते. आता मागे वळून पाहताना वाटते की माझे भाग्याचे दिवस ते हेच. तेव्हा मात्र मला ते साधेच वाटत होते.

बाराव्या वर्षी उजवे चाक भरून झाले. मला आणि माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे आतल्या बेअरिंगला, धुऊन कागदावर ठेवले होते. बाई पायरीवर बसून बिऱ्हाडाचा पडदा दुमडत होत्या. त्या म्हणाल्या, जरा आत जाऊन पडते, तुमचे चालू द्या. काटेवाल्यांनी तळहातावर ग्रीस घेतले. मला उचलायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तसाच ग्रीसचा हात घेऊन ते आत धावले.

पुढचे मी कागदावरून पाहिले. रुग्णवाहिका आली, फाटक उघडे राहिले. तिसऱ्या दिवशी काटेवाले परत आले तेव्हा बाई बरोबर नव्हत्या, लेकीने त्यांचा दंड धरला होता. मला दुःख झाले का? खरे सांगू, काही झाले नाही. मी कागदावर स्वच्छ धुतलेले पडून होते आणि माझ्यावर धूळ बसत होती, एवढेच मला जाणवत होते.

शेजारी एक बेकरीवाले राहत. भला माणूस. त्या दिवसांत या घरी पाव, बिस्किटे, दूध, सगळे त्यांनीच पोचवले. आभाळ भरून आले तेव्हा त्यांना उघड्यावर पडलेले चाक दिसले. असल्या वेळी काटेवाल्यांना याचा त्रास कशाला, असे म्हणून ते स्वतःच कामाला लागले. त्यांच्याकडे पावाची हातगाडी होती, त्यामुळे नट-पिनांची त्यांना माहिती होती. मी चकचकीत दिसत होते. बेकरीत जे चकचकीत ते तयार. त्यांनी मला आणि मोठ्या भावाला फडक्याने आणखी पुसले, जागेवर घातले, हातगाडीचा नट आवळतात तसा माझा नट घट्ट आवळला, पिन घातली, टोपी ठोकली. मग घरात जाऊन त्यांनी सांगितले की चाक बसवून दिले आहे, काळजी करू नका. काटेवाले म्हणाले, "बरं झालं."

त्या वर्षी ते सगळ्यालाच "बरं" म्हणत. जेवलात का? बरं. बाईंचे कपडे बांधून ठेवू का? बरं. दुकानांतून बोलावणे आले की ते जात, काटा उघडत, तसाच बंद करत आणि परत येत. लेक दर सुट्टीला येई, घर आवरी, बोलून बोलून थके. टोपीच्या आत अंधारात मला हे सगळे ऐकू येई. मी कोरडे होते आणि त्याचीच मला सवय झाली. कोरडे राहणे दुखत नाही, मित्रांनो. न फिरणाऱ्या बेअरिंगला कसलाच त्रास नसतो.

वर्ष उलटल्यावर लेकीने ठरवले की बाबांना तलावाकाठी न्यायचेच. असे दगडासारखे बसून राहिले तर हा माणूसही आपल्या हातून जाईल, असे ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. तिने विचारले, चाकांचे काही करायचे आहे का? काटेवाले म्हणाले की ग्रीस तर तेव्हाच भरले होते, त्यानंतर बिऱ्हाड हललेच कुठे. त्यांना तसे खरोखर वाटत होते. ज्यांचा अर्ध्या ग्रॅमवरून दुकानदारांशी वाद व्हायचा, त्यांनी ही एवढी चूक कशी केली, याचे मला आजही नवल वाटते.

आम्ही निघालो. लेक डावीकडच्या सीटवर, म्हणजे माझ्याच बाजूला. पहिल्या वळणालाच माझे रोलर एकमेकांना घासू लागले. लोखंडाला लोखंड, मध्ये काही नाही. माझ्यामागे मोठा भावही कण्हत होता. मी तापू लागले. पंपाच्या पुढे घाट होता, आणि घाटात मी अडकले असते तर चाक निखळले असते. बिऱ्हाडाने गाडीला दरीकडे ओढले असते, आणि गाडीत बाप-लेक होते. हे मला माहीत होते आणि सांगायला मला तोंड नव्हते.

पंपावर गाडी थांबली. काटेवाले उतरले, उजवीकडे मागे गेले, टोपीला पालथा हात लावला.

"माझं गार," ते म्हणाले.

डावीकडून काहीच आले नाही. ते तिथेच उभे राहिले.  मग ते गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

"कुणाशी बोललात?" लेकीने विचारले.

"कुणाशी नाही. डावी बाजू तुझ्या आईची असायची. ती बघायची."

 लेक साधेपणानेच म्हणाली, "मग आता कोण बघणार, बाबा?"

इंजिन चालू होते. मला वाटले, आता निघाले, संपले. पण इंजिन बंद झाले. पावले गाडीला वळसा घालून डावीकडे आली, त्या बाजूला जिथे ते पंपावर कधी आले नव्हते. त्यांनी हात लावला. चर्रर्र आवाज झाला. हात झटकन मागे जायला हवा होता, तो गेला नाही. लेकीने दार उघडून धावत येऊन तो ओढला तेव्हा कुठे सुटला.

"मी भरलंच नव्हतं," ते म्हणाले. "ग्रीस हातातच होतं माझ्या. तसाच धावलो गं. तिला उचललं, तिची बाही भरली ग्रीसनं."

आणि ते पंपावर, तेलाच्या डागांत, चाकाला टेकून बसले आणि मोठमोठ्याने रडू लागले. वर्षभरात मी त्यांना रडताना ऐकले नव्हते. लेकही शेजारी बसून रडली. मी आत भाजत होते आणि मला पहिल्यांदा काहीतरी झाले. त्याला काय म्हणायचे ते मला ठाऊक नाही, पण बरे वाटले एवढे नक्की.

मला बाहेर काढले तेव्हा मी निळे पडले होते. पंपाशेजारच्या पंक्चरवाल्याने गावातून नवी जोडी आणून दिली. काटेवाल्यांच्या उजव्या हाताला फोड आले होते, म्हणून ग्रीस लेकीने तळहातावर घेतले. ते शेजारी बसून सांगत होते.

"घाई नको. दुसऱ्या बाजूनं वर येईपर्यंत दाब."

"आलं की."

"एका फटीतून आलं. बाकीच्या राहिल्यात."

तिने सगळ्या फटी भरल्या. ते तलावाकाठी गेले, मी गाडीच्या कप्प्यात चिंधीत होते. आठ दिवस त्यांनी बाईंबद्दल इतके बोलून घेतले की चौथ्या दिवशी लेकीचा आवाज बसला.

परत आल्यावर बेकरीवाल्यांनी कुंपणावरून विचारले, प्रवास कसा झाला. हाताची पट्टी बघून त्यांचा चेहरा पडला होता. काटेवाले म्हणाले, "डावं चाक तापलं. मी ग्रीस भरायचं विसरलो होतो." बेकरीवाल्यांनी चाक कोरडेच आवळले होते, हे त्यांनी पोटात घातले. बेकरीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी ताजा पाव पाठवला.

माझाही त्यांच्यावर राग नाही. पण मित्रांनो, माझे एक ऐका. कुणाचे काम मध्येच थांबलेले दिसले, तर मदतीला जरूर जा. फक्त झाकण लावण्याआधी विचारा की ते कुठवर आले होते. चाकाचे विचारा, आणि माणसाचेही विचारा. काटेवाल्यांना वर्षभर येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने विचारले, जेवलात का. त्या दिवशी तुमच्या हातात काय होते, हे त्यांना कुणीच विचारले नाही.