तिसरं बोट

शहाण्णव साल. ओहायोतल्या डब्लिनमधल्या आमच्या घरी वर हॉलमध्ये गणपती बसले होते. माझी पाळी आली होती, म्हणून मी खाली बेसमेंटमध्ये वेगळी बसले होते. माझी मुलगी नैना माझं ताट घेऊन आली आणि शाळेसाठी कणकेचा केलेला ग्रीसचा नकाशाही. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या तीन बोटांपैकी शेवटचं तिनं दाखवलं.

"हे माउंट ॲथॉस. इथे फक्त साधू राहतात. हजार वर्षं झाली, बायकांना एन्ट्रीच नाही."

मी भडकलेच. "हजार वर्षं? आणि बायकांनी हे खपवून घेतलं?"

नैनानं माझ्या वेगळ्या ताटाकडे पाहिलं. "आई, आजी तर पुण्यात आहे. मग तुला इथे कोण बसवतं?"

मला तिच्याकडे बघवेना. वर आरती सुरू झाली.

"जा," मी म्हणाले, "आणि जाताना दार लावून घे."